मोरी, मोरे आणि मोगरा

गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात एका पाहुण्यांचे व्याख्यान झाले, ते बहुतेकांच्या लक्षात असेल. आरती झाली होती, जेवणाला अजून तासभर अवकाश होता आणि मागच्या खोलीतून मसालेभाताचा वास येत होता. अशा वेळी श्रोत्यांना खुर्चीत बसवून ठेवणे सोपे नाही. पाहुण्यांनी ते सहज साधले. विषय होता जगभर पसरलेल्या आपल्या आडनावांचा. जपानमध्ये मोरी नावाची घराणी आहेत, इटलीतही मोरी आहेत आणि आपल्याकडे मोरे. हे तिघेही मूळचे मौर्य, असे त्यांनी सांगितले. सम्राट अशोकाने धर्मदूत पाठवले आणि त्यांच्याबरोबर हे नाव पूर्वेला जपानपर्यंत आणि पश्चिमेला रोमपर्यंत गेले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी परतताना गाडीत मागच्या सीटवरून आमच्या कन्येने विचारले, "बाबा, मग आपणही जॅपनीज का? माझ्या वर्गातल्या जॅपनीज मुलीची आई म्हणते, दाते हे त्यांच्याकडच्या मोठ्या सरदारांचं नाव आहे." आमचे आडनाव दाते. मी म्हटले, "नाही गं, तो योगायोग." त्यावर ती म्हणाली, "आपलं नाव जुळलं तर योगायोग, आणि मोरेकाकांचं जुळलं तर हिस्टरी?" मी रस्त्याकडे बघत राहिलो. सौ. म्हणाली, "अहो, एवढी पीएच.डी. केलीत, सांगा की तिला!"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. पाहुण्यांचा अनादर करायचा हेतू नाही. त्यांची कळकळ खरी होती, वक्तृत्व उत्तम होते. पण त्यांनी जी पद्धत वापरली ती तपासून पाहिली पाहिजे, कारण ती आपल्या मंडळांतून, दिवाळी अंकांतून आणि जेवणानंतरच्या गप्पांतून वरचेवर भेटते. पु. ना. ओकांनी 'व्हॅटिकन'मध्ये 'वाटिका' शोधली तीही याच पद्धतीने.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. माझा पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण मोरी या आडनावाने मला एकदा चांगलाच धडा शिकवला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी मी ग्राहकांच्या याद्या एकत्र करण्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. आडनाव, पहिल्या नावाचे आद्याक्षर आणि गाव जुळले की दोन नोंदींची एक करायची, असा नियम मी ठेवला. एका गावात दोन एम. मोरी निघाले. एक इटालियन वंशाचे, दुसरे जपानी. माझ्या प्रोग्रॅमने त्यांचे एकत्र कुटुंब करून टाकले आणि एकाचे बिल दुसऱ्याला जाऊ लागले. चूक सर्वस्वी माझी होती. नाव ही ओळखीची किल्ली नव्हे, हे पुस्तकात वाचलेले तत्त्व मला तेव्हा खरे कळले. पाहुण्यांचे व्याख्यान आठवताना वाटले की त्यांनीही माझाच प्रोग्रॅम चालवला, फक्त अडीच हजार वर्षांच्या यादीवर.

आता एकेक मोरी घेऊ.

इटालियन 'मोरी' हे 'मोरो'चे अनेकवचन. मोरो म्हणजे सावळा, काळसर. मूळ लॅटिन शब्द 'मौरुस', म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागातला रहिवासी. आपल्याकडे काळे आणि गोरे ही आडनावे आहेत, त्यातलाच हा प्रकार. इटालियन आडनावांच्या शेवटी जो 'ई' वारंवार ऐकू येतो तो बहुधा असाच अनेकवचनाचा असतो: मोरोच्या घरचे ते मोरी.

जपानी 'मोरी' म्हणजे वन, दाट झाडी. त्याचे चिन्ह फार सुरेख आहे. झाडाचे एक चिन्ह वर, दोन खाली. तीन झाडे मिळून झाले वन. जपानमध्ये सामान्य रयतेला आडनाव लावण्याची परवानगी १८७० साली मिळाली आणि १८७५ साली ते सक्तीचे झाले. आजूबाजूचे डोंगर, शेते, नद्या, झाडी यांवरून आलेली आडनावे तिथे पुष्कळ आहेत.

शिवाय जपानमध्ये दुसरे एक घराणे आहे, त्याच्या नावातला 'मो' दीर्घ उच्चारायचा. त्याची चिन्हे वेगळी, इतिहास वेगळा. पण रोमन लिपीत दीर्घ स्वरावरची रेघ गळून पडते आणि तेही मोरीच दिसू लागतात. १९९२ साली 'एन्डेव्हर' यानातून अंतराळात गेलेले मामोरु हे या नावाचे. हा घोटाळा टळावा म्हणून त्यांच्या आडनावाच्या रोमन लेखनात 'आर'च्या आधी एक 'एच' येतो. आपण मराठी माणसांनी ते वाचले की झाली फोडणीची मोहरी! आणि मोरी म्हटले की आपल्याला प्रथम आठवते ती न्हाणीतली मोरी, जिला पाहुण्यांनी मौर्य वंशातून सोयीस्करपणे वगळले.

पाहुण्यांच्या बाजूनेही थोडा विचार करू. लॅटिन 'मौरुस' आणि आपले 'मौर्य' किती जवळचे वाटतात! पाली ग्रंथांत तर मौर्यांना 'मोरिय' म्हटले आहे आणि जपानमध्ये 'मोरिया' हे नावही सापडते. आणखी एक: उत्तर इटलीत 'मोरो' म्हणजे तुतीचे झाडही. म्हणजे इकडे झाड, तिकडे झाडी! अर्थसुद्धा जुळला. एवढ्या पुराव्यावर कोणीही मोहून जाईल.

पण जरा माग काढून बघा. 'मौरुस'चा माग मोरोक्कोकडे जातो, पाटलीपुत्राकडे नाही. जपानच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध मोरिया हा सहाव्या शतकातला मोनोनोबे घराण्याचा प्रमुख. तो बौद्ध धर्माला कडाडून विरोध करीत होता आणि इसवी सन ५८७ मध्ये त्याच वादातून झालेल्या लढाईत मारला गेला. अशोकाच्या धर्मदूतांचा वारस म्हणून याला उभे करणे कठीण आहे! शिवाय बौद्ध धर्म जपानला पोचला तोच सहाव्या शतकात, कोरियामार्गे, अशोकानंतर सुमारे आठशे वर्षांनी. तुतीच्या झाडाने तर माझी खात्रीच पटवली की ही पद्धत कुचकामी आहे. जिथे शोधावे तिथे जुळणी सापडते, याचा अर्थ जुळणी सापडण्याला काही किंमत उरलेली नाही. प्रत्येक परीक्षार्थी पास होतो ती परीक्षा कसली?

मग दोन टोकांच्या भाषांत ही नावे इतकी सारखी का? याला कारण आहे आणि ते दंतकथेपेक्षा कमी रंजक नाही. जपानी भाषेतले अक्षर साधारणपणे एक व्यंजन आणि एक स्वर असे बनते आणि शब्द बहुधा स्वराने संपतो. इटालियनचीही ठेवण तशीच मोकळी. उदाहरणादाखल दहा व्यंजने आणि पाच स्वर धरले तर अक्षरे झाली पन्नास आणि दोन अक्षरी नावे फार तर अडीच हजार. दोन देशांतली हजारो घराणी या छोट्या डब्यात भरली तर काही एकमेकांवर आदळणारच. एका खोलीत २३ माणसे असली की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, हे गणित अनेकांनी कॉलेजात केले असेल. तोच हा प्रकार. 'तानी'चेच बघा. जपानीत तानी म्हणजे दरी, आणि तानी बुन्चो हे तिथले नामवंत चित्रकार होते. इकडे फ्लॉरेन्सचा आंजेलो तानी हा मेदिची पेढीचा पंधराव्या शतकातला व्यवस्थापक, ज्याने मेम्लिंगकडून 'अंतिम निवाडा' हे चित्र करवून घेतले.

दुसरे कारण लिपीचे. जपानी शब्द रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत आज रूढ आहे तिला हेपबर्नचे नाव आहे. हे अमेरिकन डॉक्टर धर्मप्रसारासाठी जपानला गेले होते आणि त्यांचा शब्दकोश १८६७ साली निघाला. पुढे १८८५ साली एका मंडळाने नियम ठरवले आणि हेपबर्न यांनी १८८६ च्या आवृत्तीत ते स्वीकारले. त्या नियमांचे सार एका वाक्यात सांगतात: व्यंजने इंग्रजीप्रमाणे, स्वर इटालियनप्रमाणे. म्हणजे जपानी नावे इटालियन दिसतात, कारण त्यांना इटालियन स्वरांचा पोशाख मुद्दाम चढवलेला आहे. पोशाख सारखा म्हणून माणसे भाऊ ठरत नाहीत.

तर मग खरे नाते ओळखायचे कसे? १७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी भाषण केले. त्याचे महत्त्व केवळ शब्द जुळवण्यात नव्हते. क्रियापदांची मुळे, व्याकरणाची रूपे अशी सगळी चौकट जुळते, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या पिढ्यांनी ध्वनिबदलाचे नियम बांधले. या कसोटीवर 'पितृ' आणि लॅटिन 'पातेर' सख्खे ठरतात. 'देव' आणि लॅटिन 'देउस' तेही सख्खे. पण ग्रीक 'थेओस', ज्याचा अर्थही देवच, तो मात्र देउसचा कोणी लागत नाही! जपानीत नावाला 'नामाए' म्हणतात. आपले 'नाम' आणि हे 'नामाए' यांत आवाज आणि अर्थ दोन्ही जुळतात, तरी नाते शून्य. उलट जपानी बायका नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात, तो शब्द मात्र आपल्या 'दाना'पासून निघाला आहे. बौद्ध मठाला दान देणारा तो दान्ना, मग धनी, मग घरधनी. अर्थ इतका दूर गेला की ओळखू येत नाही, पण वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची नोंद आहे.

आणि गंमत म्हणजे लॅटिनमध्ये खरोखर एक 'मोरी' आहे, जो आपला नातेवाईक लागतो. ते आडनाव नव्हे, क्रियापद आहे. 'मोरी' म्हणजे मरणे. संस्कृत 'मृ', मराठी 'मर', लॅटिन 'मोर्स' म्हणजे मृत्यू, हे सगळे एका गोत्राचे. मौर्यांचे वैभव शोधायला रोमला गेलो आणि हाती लागले मरण!

आता कन्येच्या दातेंकडे येतो. सेन्दाई शहर वसवणारे सरदार दाते मासामुने यांनी १६१३ साली हासेकुरा त्सुनेनागा यांना मेक्सिकोमार्गे युरोपला पाठवले. रोमने १६१५ साली हासेकुरांना नागरिकत्व दिले. मासामुनेंनी पोपला जे लॅटिन पत्र पाठवले त्यात त्यांचे नाव 'इदाते' असे लिहिलेले आहे. म्हणजे तेव्हा उच्चारात आधी एक 'इ' होता. चार शतकांपूर्वी आमचे आडनाव जुळतही नव्हते! तेव्हा सरदारकी गेली. माझ्या धंद्यात आणखी एक दाते आहेत, डेटाबेसवरच्या प्रसिद्ध पुस्तकाचे लेखक सी. जे. डेट. रोमन लिपीत त्यांचे आणि माझे आडनाव तंतोतंत एक. ते ब्रिटिश. त्यांचे तुम्ही कोण, असे मला दोनदा विचारून झाले आहे.

एवढे सगळे पाडून टाकल्यावर उरते काय, असे कोणी म्हणेल. पुष्कळ उरते, आणि ते अधिक भरीव आहे. जपान, इटली आणि आपला कोकणपट्टा यांना जोडणारा एक शब्द रोज आपल्या ताटात असतो: पाव. तो पोर्तुगीजांनी आणला. त्याच पोर्तुगीजांनी तो जपानला नेला, तिथे तो 'पान' झाला. पोर्तुगीज शब्द लॅटिन 'पानिस'चा आणि इटालियन 'पाने' त्याचाच भाऊ. १५८२ साली नागासाकीहून चार जपानी मुले रोमला निघाली, तीही गोव्यावरूनच. या मोहिमेमागे आलेस्सांद्रो वालिन्यानो हे इटालियन जेझुइट होते. परतीच्या वाटेवर त्या मुलांपैकी हारा मार्तिन्यो याने गोव्यात लॅटिन भाषण केले आणि ते १५८८ साली गोव्यातच छापले गेले. जपानी मुलगा, इटालियन गुरू आणि गोव्याचा छापखाना! याला अशोकाच्या धर्मदूतांची ठिगळे लावायची काही गरज आहे का?

मोरींचीही इटलीशी खरी नाती आहेत, पण ती नावाने जुळलेली नाहीत, कामाने जुळली आहेत. गणिती शिगेफुमी मोरी यांना १९९० साली क्योटोत फील्ड्स पदक मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी कास्तेल्नुओवो आणि एन्रिक्वेस या इटालियन गणितज्ञांनी बैजिक पृष्ठांचे वर्गीकरण उभे केले होते; मोरींनी तो विचार तीन मितींत नेला. त्याहून मला जवळचे वाटतात ते मोरी ओगाई. सैन्यातले डॉक्टर, १८८४ ते १८८८ जर्मनीत शिकले, परत येऊन जपानी साहित्यातले मोठे नाव झाले. हान्स अँडरसनची इटलीत घडणारी एक कादंबरी त्यांनी जर्मनवरून जपानीत आणली. १८९२ ते १९०१, जवळजवळ नऊ वर्षे, नोकरी सांभाळून ते हे काम करीत होते. रोम, नेपल्स, व्हेनिस ही गावे जपानी वाचकांच्या दोन पिढ्यांच्या मनात वसवली ती एका मोरीने. ते इटालियन मोरींचे कोणी लागत नव्हते. त्यांनी नाते कष्टाने जोडले, आणि माझ्या मते अशा नात्याची किंमत आयत्या सापडलेल्या नात्यापेक्षा जास्त.

याच ओगाईंच्या घरात एक अशी गोष्ट आहे की ती वाचून मला वाटले, हा माणूस आपल्याच मंडळाचा सभासद. त्यांचे खरे नाव रिन्तारो. जर्मनीत ते लोकांना नीट उच्चारता येत नसे, असे सांगतात. म्हणून आपल्या मुलांची नावे त्यांनी युरोपियन कानांना चालतील अशी ठेवली: ओतो म्हणजे ऑटो, मारी म्हणजे मारी, फुरित्सु म्हणजे फ्रिट्झ, आन्नु म्हणजे आन, रुई म्हणजे लुई. नील, माया, जय आणि अनिता यांच्या आईबापांना हे वेगळे समजावून सांगायला नको! पण ओगाईंनी नावे नुसती उचलली नाहीत. प्रत्येक नाव त्यांनी जुन्या चिनी चिन्हांत लिहिले. ओतोची चिन्हे म्हणजे वाघासाठी असलेला एक प्राचीन शब्द, आणि मुलाचा जन्म १८९० चा, व्याघ्रवर्षातला. ऐकणाऱ्याला ऑटो, वाचणाऱ्याला वाघ.

आणि मारी? १९०३ साली जन्मलेली ही मुलगी पुढे स्वतः नावाजलेली लेखिका झाली. तिच्या नावाची दोन चिन्हे म्हणजे एक सुवासिक पांढरे फूल. चिनीत त्याला 'मोली' म्हणतात, आणि हा चिनी शब्द संस्कृत 'मल्लिका'वरून गेलेला आहे. मल्लिका म्हणजे आपला मोगरा. सगळे व्याख्यान आडनावातल्या मौर्यांना शोधण्यात गेले आणि खरे भारतीय नाते शेजारच्या शब्दात, मुलीच्या नावात शांतपणे दरवळत होते! नुसता आवाज ऐकून ते सापडले नसते. जर्मनी, जपान, चीन आणि संस्कृत अशी वाट उलटी चालत गेल्यावरच ते सापडते.

म्हणून पाहुण्यांच्या व्याख्यानावर माझा आक्षेप आहे तो असा. ते खोटे बोलले असे मी म्हणत नाही. पण त्यांनी मुलांच्या हाती खोटे नाणे दिले. आमची कन्या नववीत आहे, शाळेत पुरावा मागायला शिकते आहे. मोरी आणि मोरे एक नाहीत हे तिला आज ना उद्या ग्रंथालयात कळणारच. त्या दिवशी ती 'पितृ' आणि 'पातेर'ही त्याच टोपलीत टाकून देईल, 'दान' आणि मोगराही. आईबापांनी सांगितलेले सगळेच असेच असते, असे एकदा तिच्या मनाने घेतले की आपण पुढे कितीही रविवारच्या मराठी शाळा चालवल्या तरी उपयोग नाही. परक्या देशात मुले वाढवताना आपल्याजवळ फार मोठी पुंजी नसते. आहे ती खणखणीत असावी, एवढेच.

ओगाई १९२२ साली वारले. पदव्या, हुद्दे, मानसन्मान यांतले काहीही थडग्यावर कोरू नये, फक्त मोरी रिन्तारो हे नाव असावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. तसेच झाले. मुलांची नावे जगाला सोपी करून देणाऱ्या या माणसाने स्वतःचे अवघड नाव मात्र जसेच्या तसे दगडावर ठेवले.

हे सगळे मी कन्येला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपलं दाते कुठून आलं?" मी म्हटले, शोधू. नंतर पुण्याला माझ्या थोरल्या काकांना फोन लावला. कुळवृत्तांताची जुनी प्रत त्यांच्या कपाटात आहे. पुढच्या भेटीत ती कन्येला दाखवायची, आणि त्यातही काय लिहिले आहे ते तपासूनच घ्यायचे, असे आमचे ठरले आहे.